काळ्या टाइपाची मात्रा

अक्षरांच्या रूपावर टीकालेख लिहावा ही कल्पना आमच्या पुष्कळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. ग्रंथाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, फार तर चित्रप्रदर्शनाचे करावे. परंतु ज्या अक्षरांत हे सर्व छापले जाते त्यांचेही गुणदोष पाहावेत, हा आग्रह म्हणजे पक्वान्न सोडून ताटाची चिकित्सा करण्यासारखे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. ताटालाच भोक असले म्हणजे पक्वान्नाची काय गत होते, याचा अनुभव आम्हांस गेल्या वर्षी आला आणि त्यातूनच हा लेख उद्भवला आहे.

अमरावतीजवळच्या एका खेड्यात उभा जन्म मास्तरकी केलेले एक गुरुजी वारले. शोकसभेसाठी आम्ही चौघांनी वर्गणी करून शहरातल्या एका दुकानातून फ्लेक्सचा फलक करून आणला. मजकूर तो केवढा! वर गुरुजींचे नाव, मध्ये छायाचित्र आणि खाली ‘विद्यार्थ्यांचे लाडके गुरुजी’ एवढे तीन शब्द. फलक शाळेच्या भिंतीवर लागला. गुरुजींच्या पत्नी पदर सावरीत समोर येऊन उभ्या राहिल्या, बोट फिरवीत त्यांनी ती ओळ वाचली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “काहो भाऊ, एकाच पोराले शिकवलं का यायनं?”

आम्ही वर पाहिले. ‘विद्यार्थ्यांचे’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच कान्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी बसतात. त्या दोघांचा मिळून एक काळा गोळा झाला होता. बाईंनी जे वाचले तेच तेथे लिहिलेले होते: ‘विद्यार्थ्याचे लाडके गुरुजी’. चाळीसेक वर्षांची पुण्याई एका ठिपक्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानदाराकडे गेलो. तो भला माणूस होता. अक्षर कोणते वापरले, हे त्यालाही सांगता येईना. “जाड दिसलं पाहिजे म्हणून जाड केलं, त्याचे पैसे काही लावले नाहीत,” एवढेच तो म्हणाला. मग त्याने ते जाड कसे करतात हे आम्हांस यंत्रावर दाखविले. मूळ अक्षर मध्यम वजनाचे, पुस्तकात शोभेल असे. संगणकास ‘ठळक कर’ अशी आज्ञा दिली की तो अक्षराच्या कडेला चोहोंकडून सारखीच भर घालतो. ती भर बाहेर पडते तशी आतही पडते. ‘ध’चे पोट, ‘क्ष’ची गाठ, ‘भ’चा डोळा ही सारी आतून बुजत जातात. त्यावर एक पिवळी किनार, किनारीवर लाल सावली आणि शेवटी ओळ फलकाच्या दोन्ही कडांना भिडावी म्हणून अक्षर आडवे ताणावयाचे. इतक्या संस्कारांतून अनुस्वार जिवंत निघाला असता तर आम्हांसच आश्चर्य वाटले असते.

तेव्हा हा दोष अक्षर कोरणाराचा नव्हे, ते फुगविणाराचा, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. मुद्दाम मोठ्या मथळ्यांसाठीच घडविलेली, जन्मतःच काळी असलेली देवनागरी अक्षरे आज आहेत. ती तरी आपल्या लिपीचा जीव राखतात काय, हे पाहावे म्हणून आम्ही काही दिवस त्यांच्याच नादात घालविले.

अशा अक्षरांपैकी ज्यात युरोपीय वळणाचा संस्कार सर्वांत उघड दिसतो ते म्हणजे ‘रोझा वन’. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ते प्रसिद्ध केले. ते मुक्त परवान्याचे असल्यामुळे कोणासही विनामूल्य मिळते आणि त्यात देवनागरी व रोमन या दोन्ही लिपी एका जोडीने आहेत. त्याचा प्राण आहे तफावतीत. जाड रेघ खांबासारखी, तर तिला जोडणारी बारीक रेघ केसासारखी; मधला मुलाहिजा नाही. पांढऱ्याशुभ्र मुखपृष्ठावर दोन-तीन शब्दांचे नाव या अक्षरात जुळवून सभोवती भरपूर जागा सोडली की ते काळ्या पाषाणात घडविलेल्या मूर्तीसारखे भारदस्त दिसते. रोमन आणि देवनागरी एका ओळीत आली असता एक श्रीमंत आणि दुसरी तिच्या घरची आश्रित, असा जो देखावा आपल्याकडच्या पाट्यांवर नेहमी दिसतो, तोही येथे दिसत नाही. हे श्रेय लहान नव्हे.

पण ही तफावत आली कोठून? युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मा येथील बोदोनी आणि पॅरिस येथील दीदो घराणे यांनी उभी रेघ जाड व आडवी रेघ अगदी बारीक, टोकांना सरळ कातीव पाय, असे रेखीव अक्षर कोरले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओतशाळांनी त्याच अक्षराच्या उभ्या रेघा इतक्या फुगविल्या की लोक त्यास लठ्ठ अक्षर म्हणू लागले. रॉबर्ट थॉर्न हे नाव त्या उद्योगात अग्रभागी येते. कारण उघड होते. भिंतीवरच्या जाहिरातींची गर्दी झाली होती आणि प्रत्येकास शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडावयाचे होते. पुढे १८४५ साली त्याच शहरात रॉबर्ट बेझ्ली यांच्या ओतशाळेने ‘क्लॅरेंडन’ काढले. त्यात तफावत आवरली होती, पाय जाड पण वळणदार होते आणि मुख्य म्हणजे साध्या मजकुराच्या ओळीत एखादाच शब्द उठून दिसावा म्हणून ते योजिलेले होते. त्याची नक्कल होऊ नये म्हणून नव्या कायद्याखाली तीन वर्षांचा हक्क नोंदविला. मुदत सरताच सर्वांनी नकला केल्या. आम्हांस या इतिहासातील एकच गोष्ट मोलाची वाटते. लठ्ठ अक्षर ओरडण्यासाठी जन्मले आणि क्लॅरेंडन बोट दाखविण्यासाठी. आपल्याकडे काळ्या टाइपाचा विचार करताना हा भेद कोणी करीतच नाही.

आता आपल्या लिपीकडे पाहू. देवनागरीचे वळण बोरूने घडविले आहे आणि बोरूची कापणी रोमन टाकाच्या उलट्या तिरकेपणाची असते. त्यामुळे रोमन अक्षरात वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे येणारी रेघ जाड पडते, तर आपल्यात वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे उतरणारी. उभा दंड आणि आडवी शिरोरेघ या दोहोंस बोरू जवळ जवळ सारखेच वजन देतो. याचा अर्थ असा की, ‘उभे ते जाड, आडवे ते बारीक’ हा युरोपीय न्याय आपल्या लिपीच्या हाडांत नाही. तो लावावयाचा तर शिरोरेघ बारीक करावी लागते, आणि शब्दाचा कणाच मोडतो. शिरोरेघ जाड ठेवावी तर न्याय मोडतो. रोझा वन हे या पेचातूनच जन्मलेले अक्षर आहे. त्याच्या कर्त्यांनी तो पेच मोठ्या कसबाने झाकला आहे. परंतु लांबून पाहिले असता केसासारख्या रेघा विरून जातात आणि खांब तेवढे उरतात, हे या जातीच्या प्रत्येक अक्षराचे भागधेय यालाही चुकत नाही. मुखपृष्ठ हातात असते, म्हणून तेथे ते शोभते. रस्त्यावर ते लावू नये.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडविला होता. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या ओतशाळेसाठी राणोजी रावजी आरू यांनी जी अक्षरे कोरली त्यांचे वळण बोरूचे होते. संस्कृत ग्रंथांच्या निमित्ताने ते वळण देशभर गेले. आमच्या वऱ्हाडातील छापखाने तरी मुंबईहून आलेल्या शिशावरच चालत. अकोल्याचे ‘वऱ्हाड समाचार’ व ‘मातृभूमि’, अमरावतीचे ‘उदय’ ही पत्रे ज्या पिढ्यांनी वाचली, त्यांच्या डोळ्यांत हेच वळण बसले होते. खिळे जुळविणारे लोक साध्यास ‘पांढरा’ आणि ठळकास ‘काळा’ म्हणत, आणि त्या दोन शब्दांत अक्षरविद्येचे अर्धे शास्त्र आले आहे असे आम्हांस वाटते. कारण पांढरा टाइप म्हणजे कागद नव्हे आणि काळा टाइप म्हणजे शाई नव्हे. दोहोंतही दोन्ही असतात. प्रमाण तेवढे बदलते.

हे प्रमाण देवनागरीत रोमनपेक्षा अधिक अवघड का, याचे कारण अगदी स्थूल आहे. रोमन अक्षराच्या डोक्यावर व पायाखाली फारसे काही नसते. आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, चंद्रबिंदू यांचे एक मजघर आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली जोडाक्षरे यांचे एक तळघर असते. शिशाच्या एकाच उंचीच्या खिळ्यात ही तिन्ही घरे बसवावयाची तर मधल्या मूळ अक्षराला जेमतेम निम्मी उंची मिळते. म्हणूनच एकाच मापाचे रोमन आणि देवनागरी शेजारी ठेवले की आपले अक्षर खुजे दिसे. ‘डिग्री’ पद्धतीत वरची चिन्हे निराळ्या लहान खिळ्यांनी जोडीत. मोठ्या जाहिरातींसाठी लाकडी टाइप असत, तेथे तर शिरोरेघेचे सांधे हातभर अंतरावरून दिसत. तरीही नाटकांच्या त्या जाहिराती वाचता येत. कोरणाराला ठाऊक असे की आपण लाकूड ठेवीत नसून लाकूड काढीत आहोत. जे काढले ते पांढरे, आणि वाचणाराचा डोळा त्या पांढऱ्यातूनच आत शिरतो.

हीच गोष्ट आम्ही अकोल्याच्या बाजारात पोत्यांवर पाहिली आहे. पत्र्याच्या साच्यातून काळा रंग मारून पोत्यावर नाव उमटवितात. साचा कापताना ‘व’ किंवा ‘ब’ याचे पोट मोकळे कापले तर पोटातला पत्राच गळून पडतो. म्हणून कारागीर पोटास बाहेरच्या पत्र्याशी जोडणारा एक बारीक पूल ठेवतो आणि अक्षर उमटल्यावर तेवढ्या जागी रेघ तुटलेली दिसते. ही तूट कोणास खटकत नाही. पत्र्याने त्या माणसास सक्तीने शिकविले की अक्षराचे पोट सांभाळल्यावाचून अक्षर उभे राहत नाही. संगणकात पोट बुजले तरी काही गळून पडत नाही, तो तक्रार करीत नाही, ही त्याची मोठीच उणीव म्हणावयाची.

आता अनुस्वाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यावाचून आमचे दुःख वाचकांस कळणार नाही. जुन्या मराठी छापील पानावर अनुस्वारांची रेलचेल होती; पुष्कळसे व्युत्पत्तीपुरते असत, उच्चारात नसत. एखादा पडला तरी वाचक अडखळत नसे. १९६२ च्या लेखननियमांनी ते अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. लिहिणे सोपे झाले, आम्ही त्याविरुद्ध नाही. परंतु त्याचा एक परिणाम कोणी मोजला नाही. आता पानावर जो ठिपका उरला तो प्रत्येक काही तरी काम करीत असतो. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’, ‘शेतकऱ्याचा’ आणि ‘शेतकऱ्यांचा’, ‘त्याना’ हा प्रमाद आणि ‘त्यांना’ हा आदर: सारा भार त्या एका बिंदूवर. चितेत आणि चिंतेत बिंदूचेच अंतर, असे सुभाषितकार म्हणून गेले ते गंमतीने. आज फलक करणारे रोज त्याचे प्रयोग करून दाखवितात. म्हणजे ज्या काळात ठिपक्याचे मोल वाढले, त्याच काळात अक्षर इतके फुगले की ठिपक्याला उभे राहण्यास जागा उरली नाही.

आणि आमच्या प्रांताचे नावच पाहा. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र, तो पापणीसारखा वाकलेला, मराठीचे खास लेणे आहे. मराठी माणूस तो ‘शेतकऱ्याला’ लिहिताना वापरतो, ‘तऱ्हा’ लिहिताना वापरतो. मराठीचा विचार न करता केलेल्या देवनागरी अक्षरांत तो एक तर सापडतच नाही, किंवा त्याच्या जागी रफार येऊन ‘वर्हाड’ असे काही तरी विद्रूप उमटते. सापडला तरी काळ्या टाइपात ती पापणी ‘ह’च्या पोटाला चिकटते. तीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरविला असताही आमच्या चौकाचौकांत दंडाचा ल आणि गाठीचा श सुखेनैव नांदतात. आमची तर अशी सूचना आहे की मराठीसाठी म्हणून जे कोणी ठळक अक्षर करील त्याने पहिल्या दिवशी ‘वऱ्हाडातील शेतकऱ्यांचे कर्ज’ एवढे तीन शब्द जुळवून पन्नास पावलांवरून वाचावेत. वाचता आले तर पुढची अक्षरे कोरावीत. (कर्ज फिटण्याची वाट पाहू नये.)

कोणी म्हणेल की जाडपणाची हौस असली तर पोटे बुजणारच. तसे नाही, हे ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी ‘मोदक’ नावाच्या अक्षरात दाखवून दिले आहे. देवनागरीत याहून गुबगुबीत अक्षर आमच्या पाहण्यात नाही. त्यात पायबिय काही नाहीत, नुसते उकडलेले गोळे. परंतु अक्षराच्या आतली पोकळी पार नाहीशी न करता तिचीच एक बारीक पांढरी रेघ करून ठेवली आहे आणि डोळा त्या रेघेच्या धाग्याने अक्षर ओळखतो. काळ्यावर पांढऱ्याने लिहावे तसा हा प्रकार आहे. मुलांच्या पुस्तकावर, मिठाईच्या पेढीवर मोदक पाहून आम्हांस खरोखर आनंद होतो. मात्र त्यातही ती पांढरी रेघ मोठ्या आकारातच जिवंत राहते. लहान केले की मोदकाचा लगदा. कर्त्यांना हे ठाऊक आहे, वापरणारांस नाही.

येथे कै. कमल शेडगे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३५ ते २०२० हा त्यांचा आयुष्यकाल. मराठी नाटकांची कितीतरी शीर्षके त्यांच्या हातची. त्यांचे अक्षर पुष्कळदा भरपूर काळे असे, पण ते गुदमरलेले दिसत नसे. याचे कारण, शेडगे अक्षर काढीत नसत, शब्द काढीत. एखाद्या शब्दावर वेलांटी येणार की नाही, खाली उकार आहे की नाही, हे पाहून ते वजन कोठे टाकावयाचे ते ठरवीत. टाइप करणाराला ही मोकळीक नाही. त्याचे ‘र्थ्यां’ कोणत्या गुरुजींच्या वाट्याला जाईल हे त्याला माहीत नसते. म्हणून त्याने सर्वांत दाटीचा प्रसंग मनात धरून काळेपणाची मात्रा ठरविली पाहिजे, सर्वांत मोकळा प्रसंग धरून नव्हे. ‘रामनवमी’ हा शब्द कोणत्याही जाड अक्षरात शोभतो. नमुन्याच्या पानावर असेच शब्द छापतात, आणि गिऱ्हाईक फसते.

आतापर्यंत आम्ही रूपाविषयी बोललो. उपयोगाविषयी आमची तक्रार याहून कडवट आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात उभे राहून कोणीही पाहावे: सर्वांत काळे अक्षर कोणास मिळते? वाढदिवस असलेल्या पुढाऱ्याच्या नावास. शुभेच्छुकांची नावे त्याहून लहान, आणि सभा कोठे, किती वाजता, हे सर्वांत लहान. आता हे हास्यास्पद आहे, घातक नाही. पुढारी मोठा दिसला म्हणून कोणाचे प्राण जात नाहीत. परंतु हीच वहिवाट बियाण्यांच्या पिशवीवर आणि फवारणीच्या डब्यावर गेली आहे. औषधाचे नाव हाताच्या पंजाएवढे, पायदार, काळेभोर, सोनेरी किनारीचे. आणि किती पाण्यात किती टाकावे, तोंडाला काय बांधावे, विषबाधा झाल्यास काय करावे, हे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, घडी घातलेल्या पातळ कागदावर. कायद्याने डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा वा हिरवा चौकोन छापावयास लावला आहे, तेवढीच एक खूण अडाण्यास कळण्याजोगी.

२०१७ च्या हंगामात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. ते अक्षरामुळे दगावले असे आम्ही म्हटले तर ते साफ खोटे होईल. त्याची कारणे अनेक होती आणि ती शोधणे आमचे काम नव्हे. परंतु टीकाकाराच्या अधिकारात जेवढे येते तेवढे म्हणावयास आम्ही कचरणार नाही: मालाच्या नावासाठी ज्या कारागिराने इतके श्रम घेतले, त्याला त्याच डब्यावर ‘हातमोजे घाला’ हे वाचनीय अक्षरांत लिहिण्यास कोणी सांगितले नाही. क्लॅरेंडन ज्या कामासाठी जन्मले, ओळीतल्या एका महत्त्वाच्या शब्दाकडे बोट दाखविण्यासाठी, ते काम मराठीत करणारे बेताचे काळे अक्षर आज डब्यावर हवे आहे. लठ्ठ अक्षर आपल्याजवळ पुष्कळ झाले.

गुरुजींच्या वर्षश्राद्धास आम्ही पुन्हा फलक केला. या वेळी अकोल्याच्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे गेलो. पाट्या रंगविण्याचे काम आता क्वचितच मिळते, असे तो म्हणाला. त्याने खडूने आधी शिरोरेघ आखली, मग अक्षरे न काढता कान्याच्या वरची जागा बोटाने मोजली, ठिपका आणि रफार कोठे बसतील तेथे खुणा केल्या आणि त्यानंतरच ‘वि’ काढावयास घेतला. कुंचला जाडच होता. फलक तयार झाल्यावर तो आम्ही खेड्यात नेला. बाईंनी ओळ वाचली, काही बोलल्या नाहीत, आणि आम्हांस चहाला बसविले. गोठ्याकडे पाहिले तर पहिला फ्लेक्स कुटाराच्या ढिगावर अंथरून दगडांनी दाबलेला होता, अक्षरे आभाळाकडे. पाऊस बारीक पडत होता आणि कुटार कोरडे होते.